औषध-चाचणीची जाहिरात छापता, मग नोंदणी क्रमांकही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या काही महिन्यांपासून आतल्या पानावर, स्थळांच्या आणि प्लॉटच्या छोट्या जाहिरातींशेजारी, एक चौकट अधूनमधून दिसते. मधुमेह, दमा, गुडघेदुखी, सोरायसिस, अर्धशिशी, यकृतावरची चरबी असे आजार एकाखाली एक, आणि पुढे ठळक अक्षरांत : ‘नवीन औषधाने मोफत उपचार. सर्व तपासण्या मोफत. येण्याजाण्याचा खर्च मिळेल. जागा मर्यादित.’ शेवटी एक मोबाइल नंबर. औषधाच्या चाचणीसाठी माणसं हवी आहेत, एवढाच या जाहिरातीचा अर्थ आहे. आणि नेमकं तेवढंच तिच्यात लिहिलेलं नाही. कोणतं रुग्णालय, कोणते डॉक्टर, चाचणीला परवानगी कोणाची, यातलंही काही नाही. प्लॉटच्या जाहिरातीत गट नंबर असतो आणि बिल्डरच्या जाहिरातीत महारेराचा क्रमांक असतो. माणसाच्या शरीरात नवं औषध घालायच्या जाहिरातीला मात्र नुसता मोबाइल नंबर पुरतो.

मी टपाल खात्यातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. वैद्यकाशी माझा संबंध सकाळच्या रक्तदाबाच्या गोळीपुरता. तरी मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे तिथल्या चाचण्यांना मान्यता द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीवर, मी आहे, कारण तसा सरकारचाच नियम आहे. नवीन औषधं आणि चाचण्यांबाबतचे जे नियम २०१९ साली लागू झाले, त्यांनुसार या समितीवर किमान सात जण लागतात, निम्मे रुग्णालयाबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. डॉक्टर, औषधशास्त्राचे जाणकार, कायद्याचं माणूस, सामाजिक क्षेत्रातलं माणूस आणि त्यांच्या जोडीला एक अगदी सामान्य व्यक्ती. ती मी. वकीलबाई आणि मी गैरहजर राहिलो तर डॉक्टरमंडळी कितीही जमोत, कोरम होत नाही. सबंध नोकरीत माझ्या हजेरीला एवढं वजन कधी आलं नव्हतं.

समितीत काय चालतं ते बाहेर सांगायचं नाही, अशा कागदावर माझी सही आहे. म्हणून कोणतं औषध, कोणती कंपनी, हे इथे येणार नाही. एवढं सांगायला हरकत नाही की सहभागी कसे मिळवणार, जाहिरात कोणती देणार, हेही समितीपुढे आधी ठेवावं लागतं. तसा मजकूर आमच्यापुढे आला की ‘मोफत उपचार’ आम्ही काढायला लावतो. औषध लागू पडतं की नाही हेच जिथे अजून पाहायचं आहे, तिथे त्याला उपचार म्हणून ग्राहक जमवायचे नाहीत. ‘जागा मर्यादित’ ही घाई तर साडीच्या सेलला शोभते.

हे पत्र लिहायला निमित्त झालं आमच्या गल्लीतले एक गृहस्थ. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांनी हयातभर मापाडी म्हणून काम केलं. हळदीच्या धुळीनं म्हणा, विडीनं म्हणा, दमा जडलेला. छातीच्या डॉक्टरांनी दिलेला पंप दोन वेळा ओढतात आणि बरे असतात. ते आपल्या अंकातलं कात्रण घेऊन आले. “मास्तर, फुकट हाय म्हणं. जाऊ का?” पंपाला दरमहा बरेच पैसे जातात, त्यामुळे ‘फुकट’ला त्यांच्या घरात अर्थ आहे. मी म्हटलं, आधी फोन करून विचारू. त्यावर त्यांनी जो प्रश्न काढला तो आमच्या बैठकीत एखाद्या प्राध्यापकाला सुचला असता तर मी मान डोलावली असती. “ह्यो पंप बंद कराय लावत्याल का?”

फोन मीच केला. पलीकडच्या मुलीनं वय विचारलं, वजन विचारलं, दमा किती वर्षांपासून, आणखी कोणकोणती औषधं चालू, आधारकार्ड आहे का, घरात कोणाला शुगर आहे का. सगळं भराभर लिहून घेत होती. मी चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारला. “ते डॉक्टर सांगतील, सर.” कोणत्या एथिक्स कमिटीची मान्यता आहे? “सगळं अप्रूव्ड आहे, सर.” मग पंपाचं विचारलं. “ते आल्यावर कळेल, सर.” संध्याकाळी तिचाच उलट फोन आला, काका कधी येताहेत म्हणून.

तो अभ्यास खराही असेल. पण दम्याच्या बऱ्याच चाचण्यांत सुरुवातीला रुग्णाचं चालू औषध काही काळ थांबवतात किंवा बदलतात, म्हणजे नव्या औषधाचा परिणाम स्वच्छ दिसतो. चाळिशीतल्या धडधाकट माणसाला ते झेपेल; पहाटे दम लागून उठून बसणाऱ्या म्हाताऱ्याचं काय, हे ठरवायला त्याची छाती ओळखणारा डॉक्टर हवा. दुसरं असं की चाचणीत गेलेल्या प्रत्येकाला नवं औषध मिळतच नाही. भिशीत नंबर लागावा तसं संगणक ठरवतो, कोणाला नवं आणि कोणाला जुनं, किंवा कोणाला औषधच नसलेली पण अगदी तशीच दिसणारी गोळी. पुष्कळदा ते रुग्णाला ठाऊक नसतं आणि समोर बसलेल्या डॉक्टरलाही नसतं. यात लबाडी नाही. कोणाला काय मिळतंय हे कळलं की बरं वाटण्या-न वाटण्यात मन लुडबुड करतं, म्हणून ही पद्धत. पण ती आधी, आपल्या भाषेत, बसवून सांगितली पाहिजे. ‘मोफत उपचार’ वाचून गेलेल्या माणसाला ती खुर्चीत बसल्यावर सांगणं म्हणजे अर्धा होकार आधीच खिशात घालून घेणं. आणि चाचणी खरी नसेलच, तर दम्याच्या, साखरेच्या रुग्णांची नावं, नंबर, आधार आणि औषधांची यादी एवढा ऐवज फोनवर फुकट गोळा होतो. त्याचं पुढे काय होतं, ते दिवसाला चार विक्रीचे फोन घेणाऱ्या कोणालाही विचारा.

मापाडी गेले नाहीत. त्यांच्या डॉक्टरांनी पंप बंद करायला साफ नाही म्हटलं, तिथे विषय संपला. पण कात्रण घेऊन माझ्याकडे येतील असे वाचक आपल्याला किती?

वास्तविक खरं-खोटं पाहायची सोय सरकारनं करून ठेवलेली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं जुलै २००७ मध्ये देशातल्या चाचण्यांची एक जाहीर नोंदवही सुरू केली, तिला सीटीआरआय म्हणतात. १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिच्यात करणं सक्तीचं झालं, आणि १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला सहभागी घेण्याआधीच ती करावी लागते. मागाहून केलेली चालत नाही. प्रत्येक चाचणीला सीटीआरआय ही अक्षरं, मग वर्ष, महिना आणि सहा आकडी क्रमांक मिळतो. सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन या पत्त्यावर ती वही कोणालाही फुकट उघडता येते, पासवर्डही लागत नाही. आजाराचं नाव टाकून शोधता येतं. पैसा कोणाचा, कोणत्या गावातल्या कोणत्या रुग्णालयात, जबाबदार डॉक्टर कोण आणि त्यांचा फोन, समितीनं मान्यता दिली की अजून विचाराधीन आहे, कोणत्या वयाचे रुग्ण चालतात, कोणते चालत नाहीत, किती माणसं हवीत, भरती चालू आहे की संपली, हे सगळं तिथे असतं. मी मापाडींच्या जाहिरातीसाठी दमा आणि आसपासची गावं धरून शोधलं. त्या फोन नंबराशी किंवा त्या मजकुराशी जुळणारं काही मला सापडलं नाही. वही इंग्रजीत आहे आणि दिसायला आमच्या जुन्या खतावणीसारखी रुक्ष, हे कबूल. पण क्रमांक हातात असला तर नातवंडं दोन मिनिटांत काढून देतात. क्रमांकच नसेल तर नातवंडं तरी काय करणार?

आता आपल्या बातम्यांविषयी. चाचण्यांची बातमी पहिल्या पानावर येते ती ‘गिनिपिग’ या शब्दासह, आणि जाहिरात सातव्या पानावर येते ती ‘मोफत’ या शब्दासह. मधली पानं कोरी. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे केंद्र सरकारनं आकडे ठेवले, त्या वेळचे मथळे मला आठवतात : २००५ ते २०१२ या काळात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ जणांचा मृत्यू. मथळा तिथे थांबायचा. त्यांतले चाचणीमुळे झाले असं धरलेले मृत्यू ८० होते, हे आतल्या परिच्छेदात. गंभीर आजारी माणसं चाचणीत असतात आणि त्यांतली काही आजारानंच जातात, म्हणून दोन आकडे वेगळे. ८० हा आकडा ठरवला कोणी आणि किती बारकाईनं, हा प्रश्न रास्तच आहे आणि तो विचारणाऱ्यांमुळेच पुढचे नियम कडक झाले. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात २००९ साली मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूवरची, लस देण्याचा प्रकल्प झाला, त्यात वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या. काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत जोडला गेला नाही, पण सह्यांचं समर्थन कोणालाच करता आलं नाही. २०१० साली तो प्रकल्प थांबवावा लागला. दुसऱ्याच्या मुलीसाठी तिसऱ्यानं सही करायची, हे आमच्या खात्यात मनीऑर्डरलासुद्धा चाललं नसतं.

पण मला चाचण्यांच्या विरोधात गणू नका. नव्वदचं दशक संपता संपता माझी बदली बार्शी भागात झाली होती. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयातून त्या काळात शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक मोठा अभ्यास चालू होता. आरोग्यसेविका घरोघर फिरून तीस ते एकोणसाठ वयाच्या बायकांची नावं लिहायच्या, गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी समजावून सांगायच्या. आमचे खेड्यातले पोस्टमन सांगायचे, बायका आधी लाजायच्या, मग एक गेली की तिच्यामागून गल्ली जायची. खेड्यांचे ५२ गट पाडले होते. काही गटांत एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पॅप, म्हणजे तिथल्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, काहींत नुसता व्हिनेगार लावून डोळ्यांनी पाहायची सोपी पद्धत, आणि काही गटांत तपासणी नाही, फक्त माहिती. एकूण १,३१,७४६ बायका. निकाल २००९ साली अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आला : एचपीव्ही चाचणीच्या गटात, सुमारे ३४ हजार बायकांत, या कर्करोगानं ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात, सुमारे ३१ हजारांत, ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं मरणं जवळजवळ निम्मी. आज या कर्करोगासाठी पहिली तपासणी एचपीव्हीचीच करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्या सांगण्याच्या पायाशी भूम-परंड्याकडच्या मुलखातल्या बायका उभ्या आहेत. त्यांच्या नावानं कुठे साधी पाटी असल्याचं मी ऐकलेलं नाही.

या अभ्यासावरही पुढे टीका झाली, आणि ती उडवून लावण्यासारखी नव्हती. ज्या गटाला फक्त माहिती दिली त्यांना तपासणी का नाकारली? बाजू घेणारे म्हणाले, त्या खेड्यांत तशीही कुठलीच तपासणी नव्हती, आणि तुलना नसती तर काहीच सिद्ध झालं नसतं. आमच्या समितीत असा प्रस्ताव आला असता तर मी काय म्हटलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करतो. निदान अभ्यास संपल्यावर त्या गटातल्या बायकांची तपासणी आधी करून द्या, एवढं तरी कागदावर घ्यायला लावलं असतं.

दुसरं उदाहरण टाटा रुग्णालयाचं, अलीकडचं. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करण्याआधी काही मिनिटं गाठीभोवती साधं भूल देणारं लिडोकेन टोचलं तर रोग परतण्याचं प्रमाण घटतं का, हे त्यांनी १,५८३ बायकांमध्ये पाहिलं. २०२३ साली निष्कर्ष आला : पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्यांत ८६.४ टक्के, दिलेल्यांत ९०.१. खर्च शंभर रुपयांच्या आत. दंतवैद्याकडे मिळणारं इतकं स्वस्त औषध. कोणती कंपनी त्याच्यावर पैसे लावेल? असे प्रश्न आपल्याच रुग्णालयांनी विचारायचे आणि आपल्याच माणसांनी त्यांना साथ द्यायची. म्हणून तर मला वाटतं की चाचणीत माणसं यावीत. मात्र डोळे उघडे ठेवून यावीत, आणि येताना हक्क घेऊन यावीत.

हे हक्क जाहिरातीत कधीच नसतात. सही केलेल्या संमतीपत्राची एक प्रत सहभागीला द्यावीच लागते. वाचता न येणाऱ्याच्या बाबतीत त्रयस्थ साक्षीदार लागतो. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार तोडता येत नाहीत. चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत, गरज असेल तोवर किंवा ती इजा चाचणीमुळे नाही हे ठरेपर्यंत. चाचणीमुळे मृत्यू आला तर वारसाला भरपाई, आणि तिचं सूत्र नियमांतच छापलेलं आहे : मूळ रक्कम ८ लाख, गुणिले वयाचा आकडा, गुणिले जोखमीचा आकडा, भागिले ९९.३७. व्याजाची कोष्टकं पाठ असलेल्या मला हे सूत्र पाहून जुनी उब आली. पासष्टीच्या पुढच्याचा वयाचा आकडा ९९.३७च, म्हणजे तो उडून जातो. निरोगी स्वयंसेवकाचा जोखमीचा आकडा ४, जेमतेम सहा महिने हातात असलेल्या रुग्णाचा ०.५. म्हणजे पासष्टीचा धडधाकट माणूस गेला तर ३२ लाख आणि अखेरच्या टप्प्यातला आजारी गेला तर ४ लाख. आकडेमोड बरोबर आहे. पटते की नाही, ते वाचकांनी आपापलं ठरवावं.

संमतीपत्रात वारसदाराच्या नावाचा रकाना असतो तो यासाठी. तो दिसला की माणसं चपापतात. “आता मरायचंच हाय काय?” असं एका आजीनं विचारल्याचं आमच्या समन्वयक मुलीनं सांगितलं. मी तिला म्हटलं, बचत खात्याच्या फॉर्मवरही हाच रकाना असतो आणि लोक तो तिथेही मोकळा सोडतात, मग वारस वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात. तेव्हा रकाना भरून घ्या, आणि का भरायचा ते आधी सांगा. खर्चाचंही तसंच. ‘येण्याजाण्याचा खर्च मिळेल’ म्हणजे किती? जतहून किंवा आटपाडीहून येणाऱ्याची पहाटेची एसटी, सोबत आलेल्या मुलाचा बुडालेला रोजगार, दुपारचं जेवण, हे धरून रक्कम हवी. पण इतकीही नको की नुसत्या पैशासाठी माणूस आपला आजार लपवून आत शिरेल. या एका आकड्यावर आमच्या बैठकीत जेवढा वाद होतो तेवढा औषधाच्या मात्रेवरही होत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्यात मलाही बोलता येतं.

तेव्हा आपल्याला माझी विनंती अशी. चाचणीसाठी सहभागी मागणारी कोणतीही जाहिरात सीटीआरआय क्रमांक, रुग्णालयाचं आणि जबाबदार डॉक्टरांचं नाव, आणि मान्यता देणाऱ्या एथिक्स कमिटीचं नाव-फोन यांशिवाय छापू नये. ‘ही औषधाची चाचणी आहे’ हे वाक्य आजारांच्या यादीच्या वर असावं, खाली बारीक टायपात नव्हे. आणि क्रमांक आला म्हणजे काम झालं असं नाही. आपल्या जाहिरात विभागातल्या कोणीतरी तो वहीत टाकून पाहावा, भरती खरोखर चालू आहे का ते बघावं. चहा निवण्याआधी होणारं काम आहे. जाहिरातदार क्रमांक द्यायला कां-कूं करू लागला तर त्याचं उत्पन्न सोडून द्यावं. महिन्याला दोन चौकटींनी दैनिक बुडत नाही.

उलट बाजूची माणसंही आहेत, आणि त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नाही. मुलाला दुर्मीळ आजार आहे, इथले उपाय संपलेत, कुठे काही नवं चाललंय का, असं विचारत फिरणारे आईबाप मी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर पाहतो. रक्ताच्या काही कर्करोगांसाठी पेशींमध्ये बदल करून दिली जाणारी कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयानं मिळून उभी केली आणि तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी ती चाचणीतच होती, आणि जे त्या चाचणीपर्यंत पोहोचले ते कोणाच्या तरी ओळखीनं किंवा एखाद्या जागरूक डॉक्टरमुळे. आपल्या आरोग्य पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धा कॉलम द्या : पश्चिम महाराष्ट्रात सध्या कोणत्या आजारांच्या चाचण्यांना सहभागी हवे आहेत, कुठे, कोणत्या वयाचे, क्रमांक काय. ‘मोफत’ आणि ‘गिनिपिग’ हे दोन्ही शब्द न वापरता. सगळा मजकूर त्या नोंदवहीत पडलेलाच आहे, तो फक्त मराठीत आणायचा. जागेची अडचण असेल तर राशिभविष्य एक दिवस आखडता येईल; बारा राशींची हरकत येणार नाही.

हे काम करायला माणूस हवा असेल तर मी तयार आहे, मानधन नको. फक्त आमच्या रुग्णालयातल्या चाचण्यांचा मजकूर माझ्याकडे देऊ नका. ज्या प्रस्तावावर मी समितीत बसतो त्याची माहिती मीच लिहिणं बरोबर नाही; तेवढ्यापुरता दुसरा कोणीतरी पाहावा लागेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त सब-पोस्टमास्तर, मिरज
(समितीच्या कामामुळे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)